घागरभर पाण्याचा हिशेब

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम कडेला महाबळेश्वरचे पठार आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तेथे साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्व कडेला दहिवडी व म्हसवड ही गावे आहेत. महाबळेश्वरपासून दहिवडीचे अंतर सरळ रेषेत मोजले, तर ते शंभर किलोमीटरही भरत नाही. परंतु तेथे वर्षभरात पाचशे मिलिमीटर पाऊस पडला, तरी शेतकरी ते वर्ष बरे गेले असे मानतो. शेजारच्या सांगली जिल्ह्याची कथा निराळी नाही. पश्चिमेकडील शिराळा तालुका पावसाने चिंब भिजतो; पूर्वेकडील आटपाडी, कवठे महांकाळ व जत हे तालुके आकाशाकडे पाहत बसतात. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या माथ्यावर आपला भार उतरवितात आणि रिकाम्या हाताने पुढे जातात. डोंगराच्या आडोशाला असलेल्या या प्रदेशास पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. माणगंगा नदीच्या नावावरून त्यातील बऱ्याच भागाला माणदेश हे नाव पडले आहे. नावात गंगा असली, तरी वर्षातील बहुतेक दिवस या नदीच्या पात्रात वाळूच दिसते.

पाऊस कमी, एवढेच या भागाचे दुखणे नाही. जमिनीखाली काळा कातळ आहे. कातळ म्हणजे काही स्पंज नव्हे. वरचा मुरूम आणि कातळातील भेगा यांत जेवढे पाणी मावेल, तेवढेच जमीन साठवू शकते. म्हणून एका वर्षी पावसाने दगा दिला, की माघ-फाल्गुनातच विहिरींचे तळ दिसू लागतात. मागील वर्षाची शिल्लक पुढील वर्षी उपयोगी पडेल, अशी सोय निसर्गाने येथे फारशी ठेवलेली नाही.

पूर्वी दुष्काळ पडला, म्हणजे घरातले पाणी कसे वाचवावे हा प्रश्न फार काळ उरत नसे. कारण घरच उठून जाई. मेंढरे पुढे घालून, चार भांडी घोड्यावर लादून माणसे पाण्याच्या मुलखाची वाट धरीत. आटपाडी तालुक्यातील माडगुळे हे व्यंकटेश माडगूळकरांचे गाव. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘बनगरवाडी’ या कादंबरीच्या अखेरीस वाडी अशीच ओस पडते. १९७२ च्या मोठ्या दुष्काळात मात्र पुष्कळ माणसे गावातच राहिली. सरकारने रस्त्यांची, तलावांची व बांधबंदिस्तीची कामे काढली. खडी फोडून मिळणाऱ्या मजुरीवर आणि परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीवर लाखो कुटुंबे जगली. त्या दुष्काळात धान्य नव्हते, पण प्यायला पाणी मिळत होते. अलीकडच्या दुष्काळात दुकानात धान्य असते, पण घागर रिकामी असते, असे वृद्ध माणसे बोलून दाखवितात. २०१२-१३ साली आणि पुन्हा २०१८-१९ साली माणदेशाने हा नवा दुष्काळ अनुभवला. माणसे घरी राहिली. पाणी निघून गेले. मग घराने आपल्या सवयी बदलल्या.

त्या कशा बदलतात, हे समजून घेण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. गावाला टँकरने पाणी द्यावयाचे झाले, तर माणशी रोज २० लिटर हे प्रमाण धरले जाते. मोठ्या शहरांत नळाच्या पाण्यासाठी १३५ लिटरांचे प्रमाण धरतात. शहरातील एका माणसाच्या वाट्याचे पाणी दुष्काळी गावात जवळजवळ सात जणांना पुरवावे लागते. दहा हजार लिटरांचा टँकर पाचशे माणसांची एका दिवसाची गरज भागवितो. आणि गावात दीड हजार वस्ती असून टँकर एकदाच आला, तर काय होत असेल, ते तुम्हीच काढून पाहा.

सहा माणसांच्या घराला या प्रमाणाने १२० लिटर पाणी मिळते. पंधरा लिटरांचा एक हंडा धरला, तर हे आठ हंडे झाले. उन्हाळ्यात रानात राबणाऱ्या माणसाला प्यायलाच चार लिटर पाणी लागते. म्हणजे दीड हंडा पिण्यात गेला. स्वयंपाकाला एक हंडा हवा. उरलेल्या साडेपाच हंड्यांत सहा जणांच्या आंघोळी, कपडे, भांडी, हातपाय धुणे आणि शौचाचे पाणी बसवायचे असते. आता या घरापुढे खिलारी बैलांची जोडी बांधलेली आहे असे समजा. कडक उन्हाळ्यात एक बैल दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी सहज पितो. दोन बैलांचे पाणी जवळजवळ सगळ्या कुटुंबाच्या पाण्याएवढे होते! माणसाला ‘आज थोडे कमी पी’ असे सांगता येते. बैलाला ते सांगता येत नाही, आणि सांगू नयेही.

पाण्याची काटकसर प्रथम अंगणात दिसते. रोज सकाळी घालण्याचा सडा बंद होतो. शेणसडा नाही, म्हणून रांगोळीही नाही. त्यानंतर कपड्यांची पाळी येते. रोज धुतले जाणारे कपडे तिसऱ्या दिवशी, मग आठवड्याने धुतले जातात. अंथरुणाच्या वाकळा तर पाऊस येईपर्यंत धुवायच्याच नाहीत, असे ठरून जाते. मग आंघोळ आखडते. मोठी माणसे एक दिवसाआड स्नान करतात व मधल्या दिवशी ओल्या फडक्याने अंग पुसतात. मुलांना परातीत किंवा घमेल्यात बसवून तांब्याने न्हाऊ घालतात, म्हणजे अंगावरून ओघळलेले पाणी वाया जात नाही.

हे पाणी पुढे कोठे जाते, ते पाहण्यासारखे आहे. न्हाणीतले पाणी साठवून त्यात मळकट कपडे पहिल्यांदा भिजवितात. कपडे पिळल्यावर उरलेले पाणी बादलीने शौचकुपात नेतात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओततात. तांदूळ, डाळ व भाजी धुतलेले पाणी सांडू दिले जात नाही. ते गुरांच्या दगडी डोणीत जाते. “अगं, ते मोरीत ओतू नकोस, म्हशीला ठेव,” हे वाक्य दुष्काळी घरात दिवसातून अनेकदा ऐकू येते. अशा रीतीने एकच तांब्या पाणी दोन-तीन कामे करून मगच मातीला मिळते. हा क्रम मात्र उलटा चालत नाही. स्वच्छ कामापासून मळकट कामाकडेच पाणी गेले पाहिजे. साबणाचे पाणी गुरांना पाजू नये आणि भांडी धुण्यासही वापरू नये, हे घरातील लहान मुलालाही शिकविलेले असते.

भांड्यांची युक्ती जुनीच आहे. चुलीतील राखेने ताट कोरडेच घासायचे, फडक्याने राख पुसून काढायची आणि अखेरीस वाटीभर पाण्याने विसळायचे. लग्नकार्यात वा पाहुणे आले असता पळसाच्या पत्रावळी मांडल्या, म्हणजे ताटे घासण्याचा प्रश्नच मिटतो. घरोघरी गॅसच्या शेगड्या आल्यापासून राख दुर्मिळ झाली आहे. एक सोय आली की दुसरी कशी निघून जाते, त्याचा हा एक नमुना.

स्वयंपाकातही फरक पडतो. भाताला पाणी अधिक लागते, तो धुवावाही लागतो. ज्वारीची भाकरी त्या मानाने थोड्या पाण्यात होते. खोल विंधणविहिरीचे पाणी बहुधा जड व मचूळ असते, त्यात डाळ लवकर शिजत नाही. त्या पाण्यात चुन्याच्या जातीचे क्षार विरघळलेले असतात. याच क्षारांमुळे साबणाला फेस येत नाही. फेस येत नाही म्हणून साबण अधिक लागतो आणि तो काढून टाकण्यास पाणीही अधिक लागते. म्हणून पुष्कळ घरांत दोन प्रकारचे पाणी वेगळे ठेवतात. टँकरचे गोडे पाणी माठात व रांजणात. विंधणविहिरीचे मचूळ पाणी बाहेरच्या पिपात.

पाहुण्याचे आगतस्वागत हा नाजूक भाग आहे. दाराशी आलेल्या माणसाच्या पायावर पाणी घालावे आणि गूळपाणी पुढे करावे, ही आपली जुनी रीत. दुष्काळात पायावरचे पाणी थांबते. प्यायचे पाणी थांबत नाही. परंतु पेला पूर्ण भरून देण्याऐवजी तांब्या व रिकामा पेला पुढे ठेवतात. ज्याला जेवढे हवे, तेवढे त्याने ओतून घ्यावे. पाहुणाही समजूतदार असतो. तो घोटभर ओतून घेतो आणि उष्टे पाणी मागे ठेवीत नाही. येथे कंजूषपणा कोणाला दिसत असेल, तर त्याने मे महिन्यात जत तालुक्यात एक दिवस राहून यावे.

काटकसरीची एक मर्यादाही असते, आणि ती ओलांडली की आजार घरात शिरतो. शौचाहून आल्यावर व जेवणापूर्वी हात धुण्याचे पाणी कधीही कमी करू नये, असे डॉक्टर सांगतात. आंघोळ चार दिवस नाही झाली तर अंगाला वास येईल, फार तर खरूज होईल. पण हात न धुण्याने अतिसार होतो, आणि अतिसार झालेल्या मुलाच्या शरीरातील पाणीच निघून जाते. पाणी गढूळ असेल, तर तुरटी फिरवितात. तुरटीने गाळ खाली बसतो, परंतु रोगजंतू मरत नाहीत. त्यासाठी पाणी उकळावे लागते किंवा त्यात औषध टाकून अर्धा तास थांबावे लागते. टँकरचे पाणी विहिरीत सोडले, की ग्रामपंचायतीचा माणूस त्यात ब्लीचिंग पावडर टाकतो, ते याचसाठी. पाण्याला थोडा वास येतो, म्हणून काही जण नाक मुरडतात. तो वास सोसणे शहाणपणाचे आहे.

दुसरे संकट साठवणीतूनच जन्मते. टँकर चार दिवसांनी येणार, म्हणून घराघरापुढे पिपे भरून ठेवलेली असतात. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास तयार होतो. आरोग्य कर्मचारी सांगतात, आठवड्यातून एकदा पिपे रिकामी करून कोरडी करा. हे ऐकून घरातील बाई हसते. जे पाणी मिळविण्यासाठी ती पहाटे तीन वाजता उठली, ते तिने ओतून द्यावे तरी कसे? दोघांचेही म्हणणे खरे आहे. त्यातून निघालेली वाट अशी, की पिपाच्या तोंडाला जुन्या धोतराचे किंवा लुगड्याचे फडके घट्ट बांधायचे, आणि पीप वापरून रिकामे होईल त्या दिवशी त्याची आतली बाजू घासून काढायची.

या सगळ्या हिशेबात एक रक्कम बहुधा लिहिलीच जात नाही. ती म्हणजे पाणी आणणारीचे श्रम. पंधरा लिटर पाण्याचे वजन पंधरा किलो. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी आणि काखेत घागर, असे ओझे घेऊन बायका दोन-तीन किलोमीटर चालत येतात. माणगंगेच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून झरा काढायचा, तो पाझरेपर्यंत बसून राहायचे आणि वाटीवाटीने घागर भरायची, यात अर्धा दिवस जातो. अंधारात आडाच्या काठावर पोहरा टाकताना पाय घसरण्याचे भय असते. घरात दहा-बारा वर्षांची मुलगी असली, तर आईबरोबर तीही निघते. तिचा भाऊ शाळेत पोहोचलेला असतो, ती रांगेत असते. फाल्गुनात ती उशिरा शाळेत येते. चैत्रात कधी येते, कधी येत नाही. आणि वार्षिक परीक्षा तर त्याच दिवसांत असतात. घरात पाणी कमी लागले, तर तिच्या खेपा कमी होतात. भावाने एक खेप सायकलवरून आणली, तर ती पहिल्या तासाला वर्गात असते. सातारा-सांगलीच्या अनेक गावांत मुलगे सायकलला दोन्ही बाजूंनी घागरी अडकवून पाणी आणताना दिसतात. हे काम मुलीचेच, असा नियम कोणत्याही पुस्तकात नाही.

जनावरांचा प्रश्न घरात सुटत नाही, तेव्हा तो गावाबाहेर न्यावा लागतो. आटपाडी तालुक्यातील खरसुंडीचा खिलार जनावरांचा बाजार प्रसिद्ध आहे. दुष्काळात अशा बाजारांत जनावरे विकणारे पुष्कळ आणि घेणारे थोडे असतात. ज्याच्या बळावर पुढच्या मृगात पेरणी करायची, तो बैलच निम्म्या किमतीला गेला, तर पाऊस पडूनही शेतकरी उभा राहू शकत नाही. म्हणून चारा छावण्या निघाल्या. म्हसवड येथे माणदेशी फाउंडेशन या संस्थेने २०१२-१३ च्या दुष्काळात मोठी छावणी चालविली, तेथे हजारो जनावरांना चारा व पाणी मिळाले. जनावरांबरोबर माणसेही छावणीत राहिली. त्यामुळे गावातील घरात म्हातारी माणसे व शाळकरी मुले, आणि छावणीत आईबाप, अशी कितीतरी कुटुंबे दोन ठिकाणी विभागली गेली. दोन ठिकाणी दोन चुली पेटल्या, दोन ठिकाणी पाण्याचा हिशेब सुरू झाला.

पाणी कधी कधी आगगाडीनेही प्रवास करते. २०१६ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यातील लातूर शहराचे पाणी संपले. तेव्हा सांगली जिल्ह्यातील मिरज स्थानकावरून कृष्णेचे पाणी भरून गाडी सोडण्यात आली. सुमारे साडेतीनशे किलोमीटरांचा प्रवास करून पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पोहोचली. तिला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते; पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या गेल्या. याच जिल्ह्याच्या जत व आटपाडी भागांनाही दुष्काळ नवा नव्हता, हे येथे ध्यानात घ्यावे. कृष्णा मिरजेवरून वाहते, जतवरून वाहत नाही. नदीचे पाणी पंपांनी उचलून या उंच भागात नेण्यासाठी टेंभू, ताकारी व म्हैसाळ या मोठ्या योजना उभारल्या गेल्या. त्यांचे पाणी जेथे पोहोचले, तेथे शिवारांचा रंग बदलला.

नदीवाचून काही गावांनी निराळी वाट काढली. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी व तांदुळवाडी या गावांच्या लोकांनी बळीराजा धरण बांधले. त्यासाठी नदीतील थोडी वाळू विकून पैसा उभा केला आणि श्रमदान केले. धरणाचे पाणी केवळ जमीनदारांना न देता भूमिहीनांनाही त्यात वाटा असावा, असे त्यांनी ठरविले. कोरेगाव तालुक्यातील वेळू या गावाने २०१६ साली आणि माण तालुक्यातील टाकेवाडी या गावाने २०१८ साली जलसंधारणाच्या स्पर्धेत पहिला क्रमांक मिळविला. डोंगराच्या उतारावर समतल चर खोदले, ओढ्यांवर बांध घातले, की धावणारे पाणी चालू लागते, चालणारे थांबते आणि थांबलेले मुरते. मुरलेल्या पाण्याने विहिरी भरतात. भर उन्हात कुदळ घेऊन गेलेल्या या लोकांत शाळकरी मुलेही होती.

घराच्या छपरावरही पाणी पडतच असते. पन्नास चौरस मीटरांच्या पत्र्याच्या छपरावर वर्षात पाचशे मिलिमीटर पाऊस पडला, तर पंचवीस हजार लिटर पाणी होते. त्यातील पाचवा भाग वाया गेला असे धरले, तरी वीस हजार उरते. सहा माणसांचे रोजचे १२० लिटर या हिशेबाने ते साडेपाच महिने पुरेल. अर्थात, जुन्या माळवदाच्या घरांवर माती असते, त्यांचे पाणी पिण्याजोगे नसते. आणि एवढे पाणी साठवायला टाकी बांधायची, तर पैसा हवा. शिवाय पाऊसच अर्धा पडला, तर हिशेबही अर्धा होतो. तरीही पन्हळ लावून एक-दोन पिपे भरून घेणाऱ्या घराच्या खेपा तेवढ्या वाचतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगली शहराच्या अनेक भागांत घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत पाणी चढले. त्याच सुमारास त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस कोरड्या पडलेल्या गावांना टँकर जातच होते. पाण्याने वेढलेल्या सांगलीतही प्यायचे पाणी नव्हते, कारण पुराचे पाणी पिता येत नाही. नावेतून आलेल्या बाटल्या व कॅन तेथील माणसे जपून वापरीत होती आणि तीही पेला अर्धाच भरीत होती.

माणदेशात पाऊस येतो, तो बहुधा उशिरा, भाद्रपदाच्या किंवा आश्विनाच्या सुमारास. पहिली सर पडली म्हणून टँकर लगेच बंद होत नाही. तहानलेली जमीन प्रथम आपला वाटा घेते, मग ओढे वाहतात, मग विहिरींत झरे फुटतात. तोवर घरातील नियम तसेच चालू राहतात. विहिरीत पुरुषभर पाणी दिसले, की एके सकाळी अंगणात सडा पडतो. त्यानंतर दसऱ्यापूर्वी घरोघरच्या वाकळा बाहेर निघतात. वर्षभराची धूळ बसलेल्या त्या जड वाकळा डोक्यावर घेऊन बायका व मुली माणगंगेवर जातात, गुडघाभर पाण्यात उभ्या राहून त्या दगडावर आपटतात, आणि दुपारपर्यंत नदीकाठची सारी झुडपे रंगीबेरंगी वाकळांनी झाकून जातात.